डाऊन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसांचा व्यायाम: ठोक्यांचं गणित आणि सोबतीचा प्रश्न

१९८३ साली अमेरिकेत डाऊन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होतं. आज ते ६०च्या घरात आहे. लहानपणीच होऊ लागलेल्या हृदयाच्या शस्त्रक्रिया, चांगली औषधं आणि मुलांना संस्थेत न ठेवता घरी वाढवणं, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. आपल्याकडेही आता तिशी-चाळिशीतली अशी माणसं नात्यात, सोसायटीत, बाजारात दिसतात. पण डाऊन सिंड्रोमबद्दल आपण जे वाचतो ते बहुतेक बाळांबद्दल असतं. मान कधी धरेल, कधी चालेल, बोलायला कधी लागेल, कुठल्या शाळेत घालायचं. त्यानंतरची चाळीस वर्षं त्या माहितीत येतच नाहीत. आणि त्या चाळीस वर्षांत तब्येत कशी राहील हे ज्यावर बरंच अवलंबून असतं, त्या व्यायामाचा विषय तर फारच मागे पडतो.

विशेष शाळेत असेपर्यंत पीटीचा तास असतो, स्नेहसंमेलनासाठी लेझीम बसवलं जातं, एखादे फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून येऊन जातात. अठराव्या वर्षाच्या आसपास शाळा संपते आणि हे सगळं एकदम थांबतं. ज्यांना कार्यशाळेत जागा मिळते ते पणत्या रंगवतात, कागदी पिशव्या करतात, पाकिटं चिकटवतात. ही कामं मोलाची आहेत, पण सगळी बसून करायची आहेत. ज्यांना जागा मिळत नाही ते घरी, टीव्हीसमोर. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारस दिव्यांग व्यक्तींसाठीही तीच आहे जी इतर सगळ्यांसाठी: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रम आणि किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. २०११ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी बौद्धिक अपंगत्व असलेल्या दीडशेहून अधिक लोकांच्या अंगावर हालचाल मोजणारं यंत्र लावून पाहिलं. शिफारशीइतकी हालचाल एकाचीही भरली नाही आणि त्यांतही डाऊन सिंड्रोम असलेल्यांची सगळ्यात कमी होती.

हा आळस आहे असं घरोघरी मानलं जातं. तसं नाही. दोन कारणं आहेत, एक शरीरात आणि दुसरं भोवतालात. शरीराचं आधी बघू, कारण ते नीट माहीत नसेल तर आपण त्यांच्याकडून एक तर फार कमी अपेक्षा करतो किंवा भलतीच.

हृदयाचे ठोके कमी का वाढतात

आपल्या पेशींत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. डाऊन सिंड्रोममध्ये २१ क्रमांकाच्या गुणसूत्राची एक जादा प्रत असते. १९५९ साली फ्रान्समध्ये हे उलगडलं. त्या एका जादा प्रतीचा परिणाम मेंदूपुरता राहत नाही. हृदय, थायरॉइड, स्नायू, सांध्यांचे बंध, झोप, अगदी श्रम करताना रक्तात उतरणारी रसायनं, सगळीकडे तो पोचतो.

आपण जिना चढायला लागलो की मज्जासंस्था ॲड्रेनलिनसारखी रसायनं सोडते, ठोके वाढतात, स्नायूंना जास्त रक्त मिळतं. डाऊन सिंड्रोममध्ये हा प्रतिसाद मंद असतो. पूर्ण ताकद लावली तरी ॲड्रेनलिन फारसं वाढत नाही आणि ठोके एका मर्यादेपुढे जात नाहीत. पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबलेला, पण केबल मध्येच अडकलेली, असं काहीसं. हृदयात जन्मतः दोष नसलेल्यांमध्येही हे आढळतं.

आकड्यांत सांगते. जिममध्ये भिंतीवर लावलेल्या तक्त्याचा हिशोब असतो २२० वजा वय. म्हणजे ३० वर्षांच्या माणसाचे जास्तीत जास्त ठोके मिनिटाला १९०. डाऊन सिंड्रोमसाठी संशोधकांनी वेगळं सूत्र काढलं आहे, त्याचा सोपा अवतार असा: १७९ मधून वयाच्या ०.५६ पट वजा करायचे. तीस वर्षांच्या माणसासाठी उत्तर येतं साधारण १६२. आता ट्रेनर सांगतो, "सत्तर टक्क्यांवर ठेवा, १३३ ठोके, आरामात जमेल." पण १६२ पैकी १३३ म्हणजे ८२ टक्के. ट्रेनरच्या दृष्टीने मध्यम असलेला व्यायाम या माणसासाठी चांगलाच जड झालेला असतो. तो पाच मिनिटांत थांबतो, खाली बसतो, आणि सगळे म्हणतात, "करायचंच नाहीये याला." मनगटावरचं स्मार्ट घड्याळही तोच जुना हिशोब धरून चालत असेल, तर ते म्हणेल की अजून पुरेशी मेहनतच झाली नाही.

म्हणून घड्याळापेक्षा माणसाकडे बघावं. चालताना बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, हा मध्यम श्रमाचा जुना आणि भरवशाचा ठोकताळा. ज्यांचं बोलणं मुळातच तुटक आहे त्यांच्यासाठी तो थोडा बदलावा लागतो: नेहमी जे चार शब्द ते सहज बोलतात, ते आत्ता बोलता येतात का ते पाहायचं. चेहऱ्याचा रंग, ओठ, श्वास यांकडेही लक्ष हवं. ओठ निळसर दिसले किंवा छाती दुखते म्हणाले तर तिथेच थांबून डॉक्टर गाठायचे.

एक चांगली बाजूही आहे. या लोकांचा रक्तदाब बहुधा कमी असतो आणि रक्तवाहिन्यांत चरबी साठण्याचं प्रमाणही तुलनेने कमी दिसतं. मात्र सुमारे निम्म्या बाळांना हृदयाचा जन्मजात दोष असतो, आणि ज्यांना नव्हता त्यांच्यापैकी काहींच्या झडपा मोठेपणी कुरकुर करू लागतात. "लहानपणी टू-डी इको नॉर्मल होता" एवढ्यावर तिशीत भागत नाही. नवा व्यायाम सुरू करण्याआधी एकदा हृदय दाखवून घ्यावं.

ढिले सांधे, घट्ट पकडलेला कठडा

डाऊन सिंड्रोम असलेल्या तरुणाला जिना उतरताना नीट बघा. एक पाय पायरीवर, मग दुसरा पाय त्याच पायरीवर. हात कठड्यावर इतका घट्ट की बोटं पांढरी पडतात. नजर पायांवर. मागून कोणी घाई केली की तो थिजून उभा राहतो. यात चार गोष्टी एकत्र काम करत असतात. स्नायूंचा ताण मुळात कमी. सांधे बांधून ठेवणारे बंध सैल, त्यामुळे घोटा, गुडघा, खुबा प्रत्येक पावलाला थोडा डगमगतो. तळवे सपाट, त्यामुळे उभं राहिलं की पाय आत कलतो. आणि बऱ्याच जणांना चष्म्याचा जास्त नंबर किंवा लवकर आलेला मोतीबिंदू असतो, त्यामुळे पायरीची खोली अंदाजाने ठरवावी लागते. तोल सांभाळायला ते पाय फाकवून चालतात आणि तेवढंच अंतर त्याच वेगाने चालायला त्यांना आपल्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते. आपली "कोपऱ्यापर्यंतची चक्कर" त्यांच्यासाठी खरोखर लांब असते.

इथे पहिला खर्च बुटांचा करावा. टाच घट्ट धरणारे, कडक बैठकीचे बूट आणि गरज असेल तर सपाट तळव्यांसाठी आतला सोल. चपलांवर चालायला लावून "चालतच नाही" म्हणणं अन्यायाचं आहे.

सैल बंधांमुळे आणखी एक गैरसमज होतो. योगाच्या वर्गात ही मंडळी पाय सहज फाकवतात, पुढे वाकून कपाळ जमिनीला टेकवतात, आणि सगळे कौतुक करतात. ती लवचिकता कमावलेली नसते, तो सांध्यांचा ढिलेपणा असतो. त्यांना अजून ताणण्याची गरज नाही, ताकदीची आहे.

मानेबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. कवटीखालच्या पहिल्या दोन मणक्यांमधला सांधा १० ते २० टक्के लोकांमध्ये एक्स-रेवर सैल दिसतो. त्यापैकी बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. मज्जारज्जूवर दाब येऊन लक्षणं दिसणारे १ ते २ टक्केच. त्यामुळे त्रास नसताना दरवर्षी एक्स-रे काढत राहण्याची शिफारस आता केली जात नाही, लक्षणांवर नजर ठेवायला सांगितलं जातं. मान दुखणं, मान वाकडी धरणं, चाल बदलणं, वारंवार पडणं, हातातून वस्तू सुटणं, लघवी-शौचावरचा ताबा जाणं. यातलं काहीही नव्याने दिसलं तर व्यायाम बंद आणि लगेच डॉक्टर. आणि लक्षणं नसली तरी मानेवर भार किंवा झटका येणाऱ्या गोष्टी टाळलेल्याच बऱ्या: शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, कोलांटउड्या, पाण्यात सूर मारणं, फुटबॉलला डोक्याने मारणं, कबड्डीतली ओढाताण, दहीहंडीचे थर. बाकी मैदान मोकळं आहे. मानेच्या भीतीने माणसाला आयुष्यभर खुर्चीत बसवून ठेवणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

थायरॉइड मंद असणं फार सामान्य आहे आणि ते औषधाने सुधारतं, म्हणून टीएसएचची, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी वर्ष-दोन वर्षांनी हवीच. झोपेत श्वास अडकणंही मोठ्यांमध्ये निम्म्याहून जास्त जणांत सापडतं. जोरात घोरणारा, बसल्या बसल्या झोपणारा माणूस सकाळी फिरायला नको म्हणतो तेव्हा त्याची रात्र कशी गेली ते आधी विचारावं.

ताकद आधी

नोरा शील्ड्स या ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपीच्या संशोधक. त्यांच्या गटाने डाऊन सिंड्रोम असलेल्या ६८ तरुणांवर केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, १० आठवडे, वस्तीतल्या साध्या जिममध्ये वजनांचा व्यायाम दिला. खास केंद्र नाही, खास यंत्रं नाहीत. प्रत्येकाबरोबर फिजिओथेरपी शिकणारा एक विद्यार्थी, जवळपास त्याच वयाचा. हातापायांची ताकद वाढली आणि प्रयोग संपल्यावर काही महिन्यांनी मोजलं तेव्हा त्यांची रोजची हालचालही वाढलेली निघाली. कामाच्या वेगात मात्र फरक दिसला नाही, आणि हे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं.

मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो कारण आपण नेहमी उलटं करतो. "आधी चालू दे, मग बघू." पण मांड्याच कमजोर असतील तर चालणं थकवणारच. ताकद आली की जिना, बस, रिक्षात चढणं सोपं होतं आणि मग चालावंसंही वाटतं. वजन काट्यावर मोठा फरक पडेल अशी आशा मात्र धरू नये. नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही, त्यासाठी ताटात बदल लागतो, आणि शाबासकी म्हणून वडापाव देणंही थांबवावं लागतं.

घरात सुरुवात करायला खुर्ची पुरते. हात नसलेली, न हलणारी, भिंतीला टेकवलेली. बसणारा पुढे सरकून बसतो, टाचा जमिनीवर टेकलेल्या, दोन पायांत खांद्यांइतकं अंतर. समोर तुम्हीही तशाच खुर्चीत बसा. "नाक पुढे, आणि उठ." उठताना गुडघे एकमेकांकडे पडतात का ते बघा, पडत असतील तर दोन गुडघ्यांच्या मध्ये हाताची मूठ धरून "मुठीला लावायचं नाही" एवढंच सांगा, हा खेळ त्यांना लगेच कळतो. बसताना धप्पकन न बसता मोठ्याने "एक, दोन, तीन" म्हणत खाली यायचं. श्वास कोंडायचा नाही. मोजणं मोठ्याने असलं की तो आपोआप सुटतो. आधी पाच वेळा, विश्रांती, पुन्हा पाच वेळा. सोपं वाटू लागलं की छातीशी तांदळाची एक किलोची पिशवी, मग दोन किलोची. अशा लोकांची हाडंही लवकर ठिसूळ होतात, स्त्रियांची पाळी सरासरीपेक्षा लवकर थांबते, त्यामुळे हाडांवर भार घेणारा हा व्यायाम दुहेरी कामाचा आहे. दुखलं तर ते सांगतीलच असं धरू नका. दुखणं उशिरा आणि अस्पष्टपणे व्यक्त होतं, म्हणून दुसऱ्या दिवशीची चाल बघा.

"हट्टी आहे" म्हणण्याआधी

रस्त्यात मध्येच बसून घेणं हा पालकांचा नेहमीचा अनुभव. चारचौघांत लाज वाटते, ओढाताण होते, आणि पुढच्या वेळी बाहेर नेणंच बंद होतं. बसून घेणाऱ्याकडे सांगण्यासारखं काहीतरी असतं आणि शब्द नसतात. दमलोय. पाय दुखतोय. तो कुत्रा नको. कुठे चाललोय ते मला कोणी सांगितलंच नाही. यातलं शेवटचं कारण आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप वेळा खरं असतं.

ऐकलेलं लक्षात ठेवणं त्यांना कठीण जातं, पाहिलेलं जास्त टिकतं. म्हणून निघण्याआधी मोबाइलवर तीन फोटो दाखवा: बूट, गणपतीचं देऊळ, परत घर. वाटेत बसायचा कट्टा ठरवून ठेवा. सूचना एका वेळी एकच द्या आणि दिल्यावर दहा सेकंद गप्प राहा, कारण ऐकून कृती व्हायला तेवढा वेळ लागतो. आपण त्या दहा सेकंदांत आणखी तीन सूचना देऊन गोंधळ घालतो. वेळ आणि वाट ठरलेली असू द्या. ठरलेलं मोडलं की त्यांना त्रास होतो, पण त्याचाच दुसरा अर्थ असा की एकदा सवय लागली की पावसातही तेच तुम्हाला दाराशी बूट घालून बोलावतील.

कोण जाणार बरोबर?

मेलबर्नमध्ये २०१० साली डाऊन सिंड्रोम असलेल्या मोठ्या माणसांना आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांना विचारलं गेलं की हालचाल करायला काय मदत करतं आणि काय आड येतं. शरीराच्या तक्रारी आड येतात हे निघालंच. पण मदत करणाऱ्या गोष्टींत ठळक होती ती माणसांची साथ. त्याखालोखाल मजा किंवा काहीतरी हेतू असणं, आणि ओळखीची ठरलेली दिनचर्या. सोबत नसणं हीच मोठी अडचण.

आपल्याकडे याचा अर्थ फार थेट आहे. ३५ वर्षांच्या मुलाबरोबर फिरायला जाणारे बाबा ७० वर्षांचे असतात. बाबांचे गुडघे जितके चालतात तितकाच मुलगा चालतो. आईला पाठीचा त्रास सुरू झाला की मुलीचं बाहेर पडणं संपतं. त्या घरात व्यायामाचा तक्ता देऊन काही होत नाही, तिथे एक तरुण माणूस लागतो. चुलत भाऊ, शेजारची कॉलेजला जाणारी मुलगी, आठवड्यातून दोन संध्याकाळ. आपल्याकडे गावोगावी फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, राष्ट्रीय सेवा योजनेचे विद्यार्थी आहेत. शील्ड्स यांच्या प्रयोगातल्यासारखी विद्यार्थ्याची जोडी इथे लावायला इमारत बांधावी लागत नाही.

नोव्हेंबर २०२० मध्ये फ्लोरिडात ख्रिस निकिक या २१ वर्षांच्या तरुणाने आयर्नमॅन शर्यत पूर्ण केली. डाऊन सिंड्रोम असलेल्यांत तो पहिला. ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल, मग ४२ किलोमीटर धावणं. मुदत १७ तासांची, त्याने घेतले १६ तास ४६ मिनिटं. पाच महिन्यांचा असताना त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती. ही बातमी जगभर फिरली आणि "बघ, तो करू शकतो तर तू का नाही" असं म्हणायलाही वापरली गेली. माझं लक्ष दुसरीकडे जातं. पाण्यात आणि धावताना त्याचा मार्गदर्शक डॅन ग्रीब दोरीने त्याला बांधून बरोबर होता, शेवटपर्यंत. आणि सरावाची सुरुवात रोज थोडीशीच भर घालून झाली होती.

हेतू असलेली हालचाल घरातच सापडते. दळण टाकून येणं, पूजेची फुलं आणणं, गच्चीवर कपडे वाळत घालणं, सोसायटीच्या झाडांना पाणी. हे काम खरं असलं पाहिजे, म्हणजे त्याने दळण आणलं नाही तर त्या दिवशी पोळ्या होणार नाहीत इतकं खरं. नाच बहुतेकांना मनापासून आवडतो. लेझीम तर या लोकांसाठीच बेतल्यासारखं आहे: ठेका ऐकू येतो, समोरचा दिसतो, गुडघे वाकतात, हात कामात राहतात, आणि चुकलं तर पुढच्या ठेक्याला परत मिळता येतं. शाळा सुटल्यावर ते का सुटावं, हे मला कधी कळलं नाही. बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी खेळ भरवणाऱ्या स्पेशल ऑलिम्पिक्स भारत या संस्थेत ८ वर्षांपुढे वयाची वरची अट नाही, आणि त्यांच्या युनिफाइड प्रकारात अपंगत्व असलेले आणि नसलेले खेळाडू एकाच संघात खेळतात. पस्तिशीत नाव घातलं तरी चालतं.

चाळिशीनंतर

अल्झायमरशी संबंधित एक जनुक २१व्याच गुणसूत्रावर आहे, त्यामुळे डाऊन सिंड्रोम असलेल्यांना हा आजार लवकर आणि फार मोठ्या प्रमाणावर होतो. चाळिशीपासून दरवर्षी त्या दृष्टीने तपासणी करावी असं २०२० सालची वैद्यकीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. व्यायामाने तो टळतो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तसा पुरावा नाही. पण स्वतःच्या पायांवर उठता-बसता येण्याची वर्षं वाढणं हे घरातल्या सगळ्यांसाठी फार मोठं आहे.

आणि चांगला चालणारा माणूस अचानक चालेनासा झाला तर "आता वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. थायरॉइड, मोतीबिंदू, खुबा सरकणं, मानेचे मणके, झोप, कान, नैराश्य, जवळचं कोणी गेल्याचं न बोललेलं दुःख, ही सगळी कारणं आधी तपासायची असतात, आणि यातली बरीचशी बरी होणारी आहेत. हे विशीतही घडू शकतं. खर्चाचा प्रश्न असेल तर केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या (नॅशनल ट्रस्ट) 'निरामय' आरोग्य विम्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत ओपीडी आणि थेरपीचाही समावेश आहे. जिमने किंवा तरण तलावाने दारातून परत पाठवलं, तर दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम २०१६ मधलं खेळांबद्दलचं ३०वं कलम त्यांना दाखवा. सोबत हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, मानेला जपायच्या चार गोष्टी लिहिलेला कागद आणि पहिल्या दिवशी बरोबर उभा राहणारा एक माणूस असू द्या. नकार बहुतेक वेळा भीतीतून येतो आणि ट्रेनरला काय करायचं नाही हे नेमकं कळलं की तो शिकवायला तयार होतो.